तिचे बुडबुडे

नळीचं टाकीकडचं टोक तळव्याने दाबून मी दुसऱ्या टोकातून श्वास ओढला. हवा आली नाही, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर कुठे गळत नव्हता.

"हो चौथो रेग्युलेटर, बाबा," होडीच्या काठावर बसलेली दुर्वा कंटाळून म्हणाली. बारा वर्षांची पोर, हवेची टाकी बांधून समुद्रात पहिल्यांदाच उतरणार.

"दातांत धर बघू."

"ह्यां रबर तोंडात मावणा नाय."

मी लहान मापाचं, मऊ रबर बसवलं. तिने मान हलवली.

कानाचा पडदा फाटल्यापासून मला पाण्यात उतरायला बंदी आहे. मीच शिकवलेल्या एका पाणबुड्या पोराने तिचा हात धरला आणि दोघं खाली गेली.

वीस वर्षं पर्यटकांना घेऊन मीच खाली असायचो. वरून बुडबुडे कसे दिसतात, ते आज पाहिलं. दोघांचे एकाच जागी फुटत होते. त्यांतले माझ्या पोरीचे कुठले, मला सांगता येईना.