दुसरा डबा

"हिला दुरुस्ती परवडत नाही, मास्तर. त्यापेक्षा नवीन स्वस्त पडेल," दुरुस्तीवाली ताई म्हणाली.

काउंटरवर प्लॅस्टिकची वायरलेस बेल होती. एक बटण आणि एक वाजणारा डबा. मास्तरांनी डबा तिच्याकडे सरकवला.

"नवीन आणली होती. तिचं बटण गुळगुळीत. आईचा उजवा हात गेलाय. डाव्या अंगठ्याला हे बटण सापडायलाच दोन महिने लागले. आता पुन्हा श्रीगणेशा कुठे करायचा?"

ताईने वाद घातला नाही. डबा उलटा केला. स्क्रूचे माथे खरवडलेले होते; त्यांवर स्क्रूड्रायव्हर नव्हे, सुरीचं टोक फिरलं होतं. आत गंज नव्हता, सेलचं पाणी सुटलेलं नव्हतं. फक्त स्पीकरकडे जाणाऱ्या तांबड्या वायरचे मधोमध दोन तुकडे झाले होते. टोकं सरळ, स्वच्छ. ओढून तुटलेली वायर अशी दिसत नाही.

"घरी कोण कोण असतं?"

"आई, मी आणि ही."

"डबा कुठे ठेवता?"

"हिच्या उशाशी. मी पलीकडच्या खोलीत झोपतो. सकाळी सातची शाळा असते ना."

"रात्री किती वेळा वाजते?"

"वाजत असेल एकदोनदा. मला काही ऐकू येत नाही, एकदा पडलो की पडलो." मग मास्तर कौतुकाने म्हणाले, "पण हिची तक्रार नाही हो कधी. वर्ष होईल आता. तोंडातून चकार शब्द नाही."

ताईने वायर सोलली, पीळ दिला, वर सोल्डरचा डाग दिला आणि बटण दाबलं. डबा असा किंचाळला की शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून पाहिलं.

"काय झालं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"वायर सुटली होती."

मग तिने टेबलाखालचं भंगाराचं खोकं ओढलं आणि तसलाच एक डबा शोधून काढला. झाकण फुटलेलं होतं, ते टेपने चिकटवलं. थोडी खटपट केल्यावर एकाच बटणावर दोन्ही डबे वाजू लागले.

"हा दुसरा तुमच्या उशाशी ठेवा."

"माझ्या? अहो, मला पहाटे साडेपाचला उठायचं असतं."

"आणि त्या किती वाजता उठतात?"

मास्तरांनी टेप लावलेला डबा उचलून हातात घेतला.

"याचे पैसे नकोत," ताई म्हणाली. "पण लावणार असाल तरच न्या."

ते दोन्ही डबे घेऊन गेले.

चौथ्या दिवशी, ऐन शाळेच्या वेळेला, मास्तर पुन्हा आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. हातात टेप लावलेला डबा.

"ताई, याचा आवाज जरा कमी होतो का?"

"होतो की." तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. "किती वेळा वाजली?"

"पहिल्या रात्री सात वेळा. काल अकरा." मास्तर स्टुलावर टेकले. "कधी पाणी, कधी कूस वळवायची. एकदा तर नुसतंच. बटण दाबलं की कोणी येतं का, ते बघायला. मी गेलो तर आई दचकलीच. म्हणाली, तू कसा काय?"

ताईने पहिला स्क्रू सैल केला. मास्तरांनी डब्यावर हात ठेवला.

"नको, राहू द्या. आवाज कमी केला तर मला जाग यायची नाही. हिच्या उशाचा डबा काल रात्री मीच काढून घेतलाय."

तिने स्क्रू परत घट्ट केला. "आज शाळा नाही?"

"रजा टाकली. दुकानात येईपर्यंत शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलंय." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा वाजून गेले. ही अजून उठलेली नाही."

हे सांगताना मास्तरांचा आवाज अगदी खाली आला होता. जणू ती तिथेच, काउंटरच्या पलीकडे झोपली होती.