जाडी

"चढ आला, लोड वाढवा!" व्यायामाच्या क्लासचे सर ओरडले, तसा हेमलताने सायकलचा नॉब आणखी आवळला. जागच्या जागी फिरणाऱ्या त्या सायकलवर ती घामाने निथळत होती.

शेजारची बाई धापा टाकत म्हणाली, "एवढ्या जिद्दीने बारीक होताय, मुलीचं लग्न काढलंय की काय?" हेमलता नुसती हसली.

थोरल्या बहिणीने तिला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. चारचौघांतही "ए जाडे!" करायची. त्यावरून दोघींचे कितीदा अबोले झालेले. आता ताईचं यकृत निकामी झालं होतं. हेमलताचं जुळत होतं, पण त्यावर चरबी फार. "वजन उतरवा, मगच तुमच्या यकृताचा तुकडा ताईंना देता येईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

क्लास सुटताना हॉस्पिटलमधून फोन आला. चरबी उतरली होती. ऑपरेशन करता येणार होतं. घाम न पुसताच तिने ताईला फोन लावला.

ऑपरेशनचं सांगितलं. ताई दबक्या आवाजात म्हणाली, "हेमलता..."

हेमलताने तिला मध्येच अडवलं. "ताई, जाडीच म्हण गं. नावाने हाक मारलीस की भीती वाटते."