काकवीतले थेंब

ओंटारिओतल्या लंडनला जयदीप गांजाचं औषधी तेल बनवणाऱ्या प्लांटमध्ये होता. उणे चाळीसवर गार केलेल्या सॉल्व्हंटने अर्क काढायचा आणि गाळून गाळून त्याचा काळपट रंग घालवायचा, हेच दिवसभर.

कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी आईला तेच तेल दिलं. आई म्हणाली, “असलं पाण्यासारखं औषध मी घेणार नाही. काढ्यासारखं काळं हवं.” तेव्हापासून शिफ्ट संपवून आला की तो तिच्या उशाशी बसून ते थेंब काकवीत घोटायचा. एकजीव व्हायला दहा मिनिटं लागायची.

तेराव्यानंतर तो उरलेली काकवी टाकायला निघाला, तेव्हा बायको म्हणाली,



“दुपारी माझ्या हातून त्या नुसतंच तेल घ्यायच्या. म्हणायच्या, काकवी संध्याकाळी. तेवढाच जयदीप जवळ बसतो.”