शेवंताची मुलगी

तालुक्याच्या तपासणी शिबिरात नऊ वर्षांची रेणुका विशेष शिक्षिकेसमोर बसली होती. कार्डावरचा 'बदक' तिने 'दबक' वाचला. पुढची ओळ तर वाचताच येईना, तेव्हा बाईंनी तो धडा तिला वाचून दाखवला. मग रेणुकाने सगळी उत्तरं बरोबर दिली.

"मुलगी हुशार आहे, सर," तिला घेऊन आलेल्या घोडके गुरुजींना बाई म्हणाल्या. "हिची अक्षरांची अदलाबदल होते. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं की वाचायला लागेल. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

गुरुजींना जुने दिवस आठवले. रेणुकाची आई शेवंता त्यांच्याच वर्गात होती आणि तीही असंच वाचायची. त्यांनी तिला चौथीत दोनदा नापास केलं, वर्गासमोर अंगठे धरायला लावले. शेवटी तिच्या वडिलांना त्यांनीच सांगितलं होतं, "हिला खुरपायला धाडा. शाळा हिच्या डोक्यात शिरायची नाही."

शेवंता बाहेर व्हरांड्यात थांबली होती. गुरुजींना पाहून ती लगबगीनं उठली.

"माझ्यासारखीच ढ निघाली ना, गुरुजी?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ती ढ नाही. तूही नव्हतीस, शेवंता. मलाच कळलं नाही."

शेवंता त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हळूहळू पायरीवर बसली.

"मला शाळा लई आवडायची, गुरुजी," ती म्हणाली.