‘अगं’चा कप्पा

दिवंगत नवऱ्याने कानामागच्या यंत्रात चाळीस वर्षं साठवलेल्या आठवणी बघायला द्वारकाबाई स्मृतिकेंद्रात आल्या होत्या.

"कुठल्या शब्दाखाली ठेवल्यात, आजी? नेमका शब्द लागतो, इथे शोधाशोध होत नाही," खिडकीतली रेश्मा म्हणाली.

"द्वारका."

कप्पा रिकामा निघाला. बाई ओशाळल्या. नवऱ्याने त्यांना नावाने कधी हाक मारलीच नव्हती.

"‘अगं’ घालून बघ."

कप्पा उघडला. आत एकच आठवण होती. दवाखान्यातली खाट, शेजारी रिकामी खुर्ची आणि नवऱ्याचा आवाज, "अगं, आहेस ना?"

"बाकीच्या कुठायत?"

"एका शब्दाखाली एकच राहते, आजी. नवी ठेवली की जुनी पुसली जाते."

बाई आठवणीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"मी पाचच मिनिटं चहा प्यायला खाली गेले होते गं."