राकेताकाला घरी आणलं तेव्हा

“आज पुन्हा आली होती,” नुरू म्हणाली. “पायांशी उभी, नुसती कुडकुडत. ‘मला थंडी वाजतेय’ एवढंच म्हणते. तोंड काही दाखवत नाही.”

“तोंड बघून काय करायचंय? एक घोंगडं दे नि वाटेला लाव,” तिचा नवरा हेरी म्हणाला. पण हा विनोद त्याचा त्यालाच पेलला नाही. नुरूची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, आणि दोन्ही वेळा ही बाई स्वप्नात येऊन गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते.

मेलेल्या माणसाला थंडी वाजते म्हणजे त्याचं वस्त्र विरलं, हे आमच्या पठारावरचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर काही वर्षांनी हिवाळ्यात कबर उघडायची, पूर्वजांना बाहेर आणायचं, नव्या रेशमात गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन मनसोक्त नाचायचं आणि परत निजवायचं. नुरूच्या घराण्यानं हे गेल्याच साली केलं होतं. डुकराचं मांस आणि भात खाऊन गाव सुस्तावलं होतं. मग थंडी वाजणार कोणाला?

“जी कबरीबाहेर राहिली, तिला,” ज्योतिषी म्हणाला.

अशी घराण्यात एकच होती. नुरूच्या आजोबांची थोरली बहीण, राकेताका. तिचं नाव घरात कोणी काढत नसे. नुरूनं काढलं तेव्हा आजोबांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

“वेडी होती ती,” ते म्हणाले.

“दादाबे, वेड लागलं म्हणजे नेमकं काय झालं?”

“आमची आई राझाफी तापाच्या साथीत गेली. रोज कोणी ना कोणी जात होतं, रडायलाही सवड नव्हती. सकाळी गेली, ऊन उतरायच्या आत कबरीत. पण रेशीम मात्र बाबांनी उत्तमातलं आणलं. आणि ही कार्टी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. म्हणे आईला थंडी वाजतेय, कबर उघडा!”

“म्हणजे तिलाही स्वप्न पडायचं?”

“नाहीतर काय? बाबा तसंच सांगायचे. अगं, नव्याकोऱ्या रेशमात गेलेल्या बाईला थंडी कशी वाजेल? शिवाय भर पावसाळा. अवेळी कबर उघडली तर उरलेल्यांचंही वाटोळं झालं असतं. पण ही कुदळ घेऊन धावली. बाबांनी तिला कपाळ फुटेस्तोवर बडवली आणि गावाबाहेर काढली. ती कबर तशीही भरली होती. ती कायमची बंद केली आणि टेकडीखाली नवी बांधली.”

“तुम्ही तेव्हा केवढे होतात?”

“मला कोणी विचारत नव्हतं, एवढा,” दादाबे म्हणाले आणि उठून गेले.

नुरू मात्र हटली नाही. पोटाला हात लावून ती बाजार हिंडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बसली. स्टेशनाजवळ शेंगा विकणाऱ्या एका आजीला कपाळावर वण असलेली पोर आठवली. पूर्वेकडच्या विणकरांबरोबर ती गाडीत चढली होती. मग नुरू आणि हेरी जंगलाच्या कडेच्या त्या वाडीवर गेले. लालाऊ नावाच्या बाईनं त्यांना घरात घेतलं. राकेताकानं तिला पोटच्या मुलीसारखी वाढवली होती.

“माय फार कमी बोलायची,” लालाऊ म्हणाली. “कफनाचं रेशीम विणावं तर तिनंच. कोणी गेलं की मयताच्या घरून सगळ्यांच्या शेवटी उठायची.”

“आणि स्वप्नं? आई स्वप्नात यायची ना तिच्या?”

“स्वप्न? ती झोपायची कुठं! रात्ररात्र माग चालू असायचा.” लालाऊनं डोळे पुसले. “जाताना एकच म्हणाली, जमलं तर मला आईजवळ ठेवा. मी कुठून आणू तिची आई? तुम्ही न्या.”

नुरूला भडभडून आलं. ज्या बाईला ती भीत होती, तिच्यासाठीच ती ढसाढसा रडली.

राकेताकाच्या अस्थी चटईत गुंडाळून घरी आल्या, तेव्हा दादाबे सामोरे आले. त्यांनी चटईला हात जोडले, पण जुन्या कबरीचं नाव निघताच ते तडकले.

“नव्या कबरीत ठेवा. तिला काय कमी आहे तिथं?”

“तिची इच्छा होती, दादाबे.”

“जुनी उघडायची नाही!”

“तुम्हाला पणतू नको आहे का?” नुरू म्हणाली.

यावर म्हातारा घरात निघून गेला.

ठरल्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जमलं. बासऱ्या आणि ढोल घुमत होते. रमची बाटली हातोहात फिरत होती. नव्या रेशमात गुंडाळलेली राकेताका नुरूच्या मांडीवर होती. इतक्या वर्षांनी ती घरी आली होती आणि नुरूला मनापासून हलकं वाटत होतं. दादाबे मात्र कबरीकडे पाठ करून बसले होते.

गड्यांनी माती उकरली, पहारी लावल्या, दाराची शिळा बाजूला केली. हेरी मेणबत्ती घेऊन आत वाकला आणि तसाच राहिला. ढोलवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात आखडले.

“काय झालं?” नुरूनं विचारलं.

तो मेणबत्ती धरून बाजूला सरला. राकेताकाला छातीशी धरून नुरू पुढं झाली.

दगडी फळ्यांवर पूर्वज ओळीनं निजले होते, सरळ, गाठी मारलेल्या वस्त्रांत, ठेवले तसेच. सगळ्यात खालची फळी रिकामी होती. राझाफी दाराला लागून, आतल्या बाजूनं, कुशीवर पडली होती. गाठी सोडवून तिनं गुडघे पोटाशी घेतले होते आणि ते उत्तमातलं रेशीम मानेपर्यंत ओढून घेतलं होतं.