दहा मिनिटांची सूट

"संभाषण नको!" पर्यवेक्षक तिसऱ्यांदा ओरडले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. दार पुन्हा उघडलं. त्याला कडीच नव्हती.

स्टेडियमच्या पायऱ्यांखालची ती मसाजची खोली. टेबल उंच, खुर्ची बुटकी, त्यामुळे मुलगी हनुवटी टेकवून पेपर लिहितेय असं दिसत होतं. मलमाच्या वासानं पर्यवेक्षकांचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. त्यांच्या नामांकित विद्यापीठानं मोठ्या उदारपणे कळवलं होतं, की खेळाडूसाठी परीक्षा पुढे ढकलता येणार नाही, मात्र परीक्षा खेळाडूकडे पाठवता येईल. पाठवली म्हणजे काय, तर एक सीलबंद पाकीट, नियमांची पुस्तिका आणि नऊ तासांचा प्रवास करून आलेले हे. पेपर दहा ते एक. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या लाउडस्पीकरची वायर उपटून टाकली होती.

आता दारात कोचबाई उभ्या होत्या आणि त्यांची वायर उपटायची सोय नव्हती.

"अहो सर, हिची आठशे मीटरची पात्रतेची हीट साडेतीनला होती, ती आत्ता बारा पंचवीसला घेतायत. वादळ येतंय म्हणे."

"पेपर एक वाजता सुटेल."

"एक वाजता काय ट्रॅक झाडायला जाईल ती? पहिल्या तिघी अंतिम फेरीत जाणार आहेत, सर. त्यातून देशाचा संघ निवडणार आहेत!" मग त्या मुलीकडे वळल्या. "मी तेव्हाच सांगत होते. आपलं साधं कॉलेज काय वाईट होतं गं? तिथे प्राचार्य स्वतः तुझी पाण्याची बाटली धरून उभे राहिले असते. पण नाही! मोठं नाव हवं होतं ना?"

मुलीनं पेन थांबवलं नाही. "बाई, तुमचा गुडघा गेला, धावणं सुटलं, तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

कोचबाईंचा हात आपसूक गुडघ्याकडे गेला.

"संभाषण नको," पर्यवेक्षक म्हणाले, पण या वेळी हळू.

त्यांनी उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. चारपैकी दीड प्रश्न झाला होता. अर्थशास्त्रात ही पोरगी एकदा नापास झालेली, पुन्हा झाली तर विद्यापीठातून नाव कमी. पेपर आता अर्धवट देऊन गेली तर नापास. नाही गेली तर शर्यत हुकली. शर्यतीच्या दिवशीच पेपर कुठल्या शहाण्यानं ठेवला, हे त्यांना माहीत होतं. वेळापत्रकाच्या समितीत ते स्वतः होते. त्यांना तिची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

बारा वाजून एकवीस मिनिटांनी त्यांनी पुस्तिका उघडली. पान अकरा. तातडीच्या गरजेसाठी परीक्षार्थीस दहा मिनिटं बाहेर जाता येईल. पर्यवेक्षकानं त्यास नजरेआड होऊ देऊ नये, कोणाशी बोलू देऊ नये.

ते खाकरले. "तुला काही तातडीची गरज आहे का?"

"नाही, सर."

"नीट आठव."

मुलीनं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं. "खूप तातडीची आहे, सर!"

"स्पाइकचे बूट घालायचे तर घाल. पायांत काय घालावं याबद्दल नियम नाही."

बारा चोवीसला ती बाहेर पडली. अडीच तास त्या खुर्चीवर आखडलेले पाय, अंग मोकळं करायला अर्धं मिनिटही नाही. पर्यवेक्षक पुस्तिका छातीशी धरून ट्रॅकच्या कडेला उभे राहिले. मैदानाच्या पहिल्या फेरीत ती शेवटून दुसरी होती. दुसऱ्या फेरीत तिनं एकेकीला मागे टाकायला सुरुवात केली. शेजारी कोचबाई घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या. पर्यवेक्षक तिच्या ओठांवर डोळे रोखून होते, कुणाशी बोलते का म्हणून. शेवटच्या रेषेवर चौघी जवळजवळ एकदमच आल्या. कोण कितवी, कुणालाच कळलं नाही.

कोचबाई टॉवेल घेऊन धावल्या. पर्यवेक्षकांनी टॉवेल घेतला आणि बाईंना हातानंच अडवलं.

बारा चौतीसला ती पुन्हा खुर्चीवर होती. श्वास लागलेला, पेन बोटांत ठरत नव्हतं. घामाचे थेंब पडून तिसऱ्या प्रश्नाची पहिली ओळ पसरली. बाहेर पंच निकालासाठी रेषेवरचे फोटो तपासत होते. ती लिहायची, खोडायची, दाराकडे बघायची.

पाच मिनिटांनी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. पर्यवेक्षकांनी वाचली. चौथी. तीन शतांश सेकंदांनी.

बाहेरचा निरोप परीक्षार्थीला देऊ नये, हे त्यांना पुस्तिका न उघडताही पाठ होतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली. बाहेर कोचबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"सर," मुलगी म्हणाली, "चिठ्ठीत काय आहे ते नका सांगू. एवढंच सांगा. हे आता नीट लिहायला हवंय का?"

पर्यवेक्षकांनी तोंड उघडलं. नेहमीचे दोन शब्द बाहेर येईनात. त्यांनी बॅगेतून एक पुरवणी काढली, तिच्यावर सही केली आणि न मागता तिच्यापुढे ठेवली.

मुलगी त्या कोऱ्या पुरवणीकडे बघत राहिली. मग तिनं मनगटानं नाक पुसलं आणि वरच्या कोपऱ्यात आपला बैठक क्रमांक लिहिला.